सर, मावशी आणि ‘बॉइल डाउन’

करी रोडला मी दोघांचा देणेकरी आहे. एक, रात्रशाळेतले इंग्रजीचे सर. दुसरी मावशी, जिच्या खानावळीत आम्ही कोल्हापूर-साताऱ्याकडचे, गिरणीतले बदली कामगार मेंबर होतो. भारतमाता टॉकीजपासून तिची चाळ जवळच. दिवसपाळी सुटली की जेवण, मग शाळा.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. पगार थांबले तशा खानावळीही अडचणीत आल्या. त्या गिरणीच्या पगारावरच चालायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केल्यापासून अशा बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं होतं. मावशीनंही ते काढलेलं. त्याचे हप्ते भरत तिनं वहीत आमची उधारी मांडली, आमटीत पाणी वाढवलं, पण एकाही मेंबराचं ताट बंद केलं नाही.

त्याच सुमारास सरांनी ‘बॉइल डाउन’ शिकवलं. इंग्रजीत असली जोडक्रियापदं ढीगभर, आणि सुट्या शब्दांचा अर्थ लावून ती कळत नाहीत. सरांनी आम्हाला गावाकडचं गुऱ्हाळ आठवायला लावलं. काहिलीत रस उकळतो, मळी निघते, पाणी उडून जातं, उरतो तो गूळ. लांबलचक मजकूर आटवून थोडक्यात आणला की ‘बॉइल डाउन’. आणि ‘इट बॉइल्स डाउन टू’ म्हटलं, की पुढे यायचा तो सगळ्यातला खरा मुद्दा. तो ‘टू’ गाळायचा नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. ‘बॉइल ओव्हर’ मात्र उतू जाणं. हाताबाहेर गेलेल्या भांडणालाही ते चालतं.

मग त्यांनी वर्तमानपत्रातली संपाची बातमी दिली आणि म्हणाले, एका वाक्यात आणा. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणं, १९४६चा औद्योगिक संबंध कायदा, राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच असलेली मान्यता, सगळं त्यात होतं. साचेखात्यातला, वयानं माझ्या दुप्पट असलेला एक विद्यार्थी उठला आणि त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘इट बॉइल्स डाउन टू हू स्पीक्स फॉर अस.’ आमच्या वतीनं बोलायचं कुणी! संपावर पुढे मी पुष्कळ वाचलं. इतकं नेमकं क्वचितच.

सरांनी ते वाक्य सगळ्यांकडून उतरवून घेतलं. परीक्षेआधी ते रविवारीही शिकवत आणि त्याचा एक पैसा घेत नसत. मला पुढे कारकुनी मिळाली, साहेबांसाठी मोठमोठे अहवाल दोन पानांवर आणायची. ते कसब सरांचं.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मावशीचे कितीतरी मेंबर गावी गेले ते परतले नाहीत. त्यांच्या उधारीसाठी तिनं कुणाला पत्र टाकलं नाही. पहिल्या पगारातून मी माझी फेडायला गेलो, तेव्हा तिनं वही उघडून बेरीज केली, निम्मेच पैसे ठेवून घेतले आणि बाकीचे माझ्या खिशात कोंबत म्हणाली, “हे आधी आईला धाड.”