डाव्या चॅनेलचा दोष

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचा एकच चॅनेल गेला असेल तर मला हुरूप येतो. दोन्ही बाजूंचं सर्किट हुबेहूब सारखं असतं. त्यामुळे सर्किटचा नकाशा हाती नसला तरी अडत नाही. चालू बाजूला एखाद्या बिंदूवर किती व्होल्ट येतात ते मोजायचं आणि बंद बाजूला त्याच बिंदूशी ताडून बघायचं. आत्याकडचा अ‍ॅम्प्लिफायर असा निम्मा जिवंत होता. काकांनी १९७८ साली पुण्यातच घेतलेला, सागवानी पेटीतला, प्रत्येक चॅनेलला साधारण २० वॅटचा. उजवीकडून कुमार गंधर्व स्वच्छ ऐकू येत होते, डावा स्पीकर मुका.

“दुरुस्त करून आणला की अर्धा-पाऊण तास छान वाजतो रे, मग पुन्हा तेच,” आत्या म्हणाली. “आता म्हणतात, पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.”

तिच्या पहिल्या वाक्यातच सगळं होतं. अर्धा तास वाजून मग जळणारी वस्तू म्हणजे उष्णतेशी काहीतरी बिनसलेलं. पण त्याकडे मी नंतर येणार होतो.

पेटी उघडली, फिल्टर कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज १०० ओहमच्या जाड रेझिस्टरमधून उतरवला. डाव्या चॅनेलचा फ्यूज काळा पडला होता. हीट सिंकवर २एन३०५५ ची जोडी. बाजारात त्याला नुसतं ‘३०५५’ म्हणतात. आरसीए कंपनीने साठीच्या दशकात आणलेला हा ट्रान्झिस्टर, ६० व्होल्ट आणि १५ अ‍ॅम्पिअरचा, भारतात कित्येक वर्षं अ‍ॅम्प्लिफायरपासून पॉवर सप्लायपर्यंत सगळीकडे होता. वरच्या आणि खालच्या दोन्ही जागी एनपीएनच, कारण त्या काळी तितक्या ताकदीचा सिलिकॉन पीएनपी महाग आणि दुर्मीळ. म्हणून वरच्याला चालवायला एसएल१००, खालच्याला एसके१००, आणि पीएनपीचं काम त्या लहानग्या एसके१०० कडून करून घ्यायचं. आरसीएच्याच एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये सुचवलेली ही मांडणी मला आजही सुंदर वाटते. जे मिळत नाही त्यावाचून अडून न बसणारं डोकं त्यात दिसतं.

ट्रान्झिस्टर सर्किटमध्येच ठेवून तपासण्यात अर्थ नसतो. शेजारचे रेझिस्टर मीटरला फसवतात. मी दोन्ही बाहेर काढले. मीटर डायोड रेंजवर ठेवून लाल टोक बेसला, काळं एमिटरला: चांगला असेल तर ०.५ ते ०.६ व्होल्ट दाखवतो. बेस-कलेक्टरलाही जवळपास तेवढंच. टोकं उलटी केली की काहीच नाही, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये तर कुठल्याच बाजूने काही येता कामा नये. इथे दोन्हींत कलेक्टर ते एमिटर सरळ शून्य. ०.४७ ओहमचा एक एमिटर रेझिस्टर तुटलेला. एसएल१०० मीटरवर ठीक वाटला, पण मीटर जंक्शनला जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतं. १० के रेझिस्टरमधून ४० व्होल्ट दिले तेव्हा तो गळू लागला. तोही बाद. स्पीकर मात्र शाबूत होता, कारण त्याच्या वाटेत २२०० एमएफडीचा कपॅसिटर उभा होता.

इथवर आलं की नवे पार्ट टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि आधी नेमकं तेच झालं असणार. दोन ३०५५ वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, टाके ताजे. पण जळालेला ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा बळी असतो. गुन्हेगार दुसरीकडेच असतो.

सिलिकॉन तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. बेसवरचं बायस तसंच राहिलं तर करंट वाढतो, करंट वाढला की ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणि हे चक्र थांबत नाही. ते रोखायला बायसचे डायोड हीट सिंकला चिकटवलेले असतात, म्हणजे तेही तापतात आणि बायस खाली आणतात. मी डाव्या डायोडच्या तारांना मीटर लावून हीट सिंकवर हेअर ड्रायर धरला. आकडा हळूहळू उतरत गेला, बरोबर होतं. उतरता उतरता एकदम नाहीसा झाला. गार झाल्यावर परत आला. एका तारेचा टाका, भिंगाखाली बघितला तर भोवती केसाएवढी वर्तुळाकार चीर. तापला की उघडायचा. बायसची वाट तुटली की दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतात आणि काही क्षणांत संपतात. एवढ्याशा कोरड्या टाक्यापायी चांगला अ‍ॅम्प्लिफायर भंगारात निघाला होता, याचा मला खरोखर राग आला.

पार्टसाठी पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या दुकानात गेलो. “साहेब, ओरिजिनल पाहिजे का चालू?” दुकानदाराने सरळ विचारलं. ३०५५ मध्ये नकली माल फार; वरून तोच छाप आणि आत चिमुकली चिप. मी थोडे जास्त घेतले आणि घरी हीट सिंकवर बसवून, ४ व्होल्ट सप्लायवर क्षणभर बेसला १०० मिलिअ‍ॅम्पिअर दिले. अस्सल ३०५५ मधून किमान २ अ‍ॅम्पिअर यायलाच हवेत. जे तिथे पोचले, त्यांतले जवळच्या गेनचे दोन निवडले.

नवी अभ्रकाची चकती, दोन्ही अंगांना पातळ पेस्ट, आणि स्क्रू आवळल्यावर धातूचं अंग हीट सिंकला लागत नाही ना याची खात्री. ३०५५ चं अंगच कलेक्टर असतं. मग सिरीजमध्ये ६० वॅटचा दिवा लावून स्विच दिला. दिवा भकन पेटला आणि मंद झाला. सप्लाय ४४ व्होल्ट, मधला बिंदू २२ च्या आसपास, उजवीकडेही तेच. दिवा काढून प्रीसेटने एमिटर रेझिस्टरवर ९ मिलिव्होल्ट लावले, म्हणजे सुमारे २० मिलिअ‍ॅम्पिअर.

उजव्या बाजूचे ट्रान्झिस्टर मी हलवले नाहीत. सगळंच बदलून टाकायची हल्ली जी रीत आहे ती मला पटत नाही; एवढी वर्षं इमानाने चाललेल्या मूळ पार्टला कारणावाचून गरम सोल्डरिंग आयर्न का लावायचं? फक्त डायोडचे टाके दोन्हीकडे नव्याने मारले. आत्याने एकामागून एक एल.पी. लावल्या. डावा हीट सिंक हाताला कोमट झाला, मीटरचा आकडा ११ पर्यंत गेला, आणि संध्याकाळभर तिथेच राहिला.