रेडिएटरमधली हळद

आप्पांचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं थोरला. मागल्या रब्बीत ज्वारीची पेरणी तोंडावर आली आणि तो तासाभरातच तापायला लागला. काटा लाल खुणेवर, टोपणाखालून वाफ. धाकटा म्हणाला, "भंगारात घाला आता." आप्पा काही बोलले नाहीत, उठून रानात गेले. मी आठ दिवसांच्या रजेवर आलो होतो. दुरुस्ती अंगावर घेतली.

आधी जाळीत अडकलेला भुसा पाण्याच्या धारेनं काढला. फरक नाही. मग पाण्याचा पंप खोलायला बसलो. तीन बोल्ट निघाले, चौथा गंजलेला. जोर लावला तर डोकं पान्यात आलं आणि धड आतच राहिलं. तालुक्याहून मिस्त्री आणून ते ड्रिलनं कोरलं, आटे नव्यानं पाडून घेतले. त्यात दोन दिवस गेले. पंप मात्र ठणठणीत निघाला!

राहिला रेडिएटर. २०१२ साली विहीर आटली तेव्हापासून त्यात बोअरचं खारं पाणी. पाणी तापवायच्या पातेल्याला धरतो तसा क्षाराचा थर आतल्या नळ्यांना धरतो. मग पाणी भरलेलं असूनही उष्णता बाहेर पडत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून इंजिन चालवलं, निवल्यावर खालची तोटी सोडली. लालभडक पाणी आलं.

"किती गंजलाय बघा," मी म्हणालो.

आई पाणी घेऊन आली होती. वाकून बघत म्हणाली, "गंज कसला? हळद हाय ती. लुगड्यावरल्या हळदीच्या डागाला सोडा लागला की असाच लाल होतो." मग आप्पांकडं वळली. "तरीच म्हनते, डब्यातली हळद जाती कुठं!"

आप्पा हसले नाहीत. "गळत हुता," एवढंच म्हणाले. बारीक भोकात हळद फुगून बसते, गळती थांबते. दर हंगामाला ते मूठभर टाकत आले होते. पण तीच हळद क्षाराबरोबर नळ्याही बुजवत होती.

"नवा का नाही घेतला?"

"तुझं होस्टेल हुतं तवा."

स्वच्छ पाणी भरलं तर तीन जागी धारा लागल्या. घाणीनंच तो धरून ठेवला होता. रेडिएटर उतरवून तालुक्याला नेला, डाख लावून आणला. बोअरचं पाणी बंद करून कूलंट भरलं.

पेरणी पाच दिवस लांबली. आप्पा सकाळी स्टिअरिंगवर बसले ते दुपारीच उतरले. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नव्हता. धाकटा भाकरी घेऊन आला, मुकाट्यानं बियाण्याचं पोतं उचलू लागला.

परतताना आईनं मला हळदीची पुडी बांधून दिली. म्हणाली, "ने. औंदा उरंल."