मनीची पिले

विष्णुपुरीस आमचे घर काळेश्वराच्या देवळापासून फार दूर नाही. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे तेथे पाण्याचा मोठा विस्तार झाला आहे, आणि संध्याकाळी त्या काठाने फेरी मारल्यावाचून मला करमत नाही. परतावे तो दारात आमची मनी बसलेली असावयाची. मांजर माणसाची वाट पाहत नाही, दुधाची पाहते, असे घरातील मंडळी म्हणत. मला ते कधीच पटले नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मनीने अडगळीच्या खोलीत, जुन्या गोधडीवर, तीन पिलांना जन्म दिला. पिले दोन महिन्यांची झाली आणि घरभर हुंदडू लागली. अशातच एके संध्याकाळी मला पिंपळाच्या पाराशी एक बेवारशी पिलू दिसले. करवंटीतील पाण्यावर मान झुकवून ते बसले होते, परंतु पाण्यास तोंड लावीत नव्हते. मी त्याला उचलले, रुमालाने त्याचे तोंड पुसले, आणि कोठूनसे दूध आणून त्याच्यापुढे ठेवले. मग घरी येऊन, हात न धुताच, आमची पिले मांडीवर घेतली आणि मुलीला ती हकिकत मोठ्या कौतुकाने सांगितली.

पाचव्या दिवशी आमचे सर्वांत लहान पिलू दूध पिईना. दुसऱ्या दिवशी तेही पाण्याच्या वाटीवर मान झुकवून बसले. पिवळ्या वांत्या झाल्या, जुलाब झाले, आणि रात्री ते गेले. पाठोपाठ दुसरेही गेले. मनी रिकाम्या गोधडीभोवती घुटमळत राहिली.

आमच्या शेजारी आबा राहतात. मनी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून दुधावरची साय फस्त करी. "गुरुजी, एक दिवस हिचा बंदोबस्तच करतो बघा," असे ते म्हणत. ते वाक्य मला नेमके त्या वेळी आठवले. मी कुंपणाशी गेलो आणि म्हणालो, "आबा, मुक्या जिवांना विष घालून काय मिळवलंत?" आबा काही बोलले नाहीत. हातातला तांब्या खाली ठेवून ते आत गेले.

तिसरे पिलूही मलूल दिसू लागले, तेव्हा त्याला टोपलीत घालून, मुलीसह, मी नांदेडला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पिलाला तपासले आणि विचारले, "अलीकडे दुसऱ्या एखाद्या आजारी मांजराशी संबंध आला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"बाबा, ते पाराजवळचं पिलू?" मुलगी हळूच म्हणाली.

डॉक्टर मला रागावले नाहीत. ते म्हणाले, "या रोगाला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात. याचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आणि आतड्याच्या अस्तराचा नाश करतो. पिलं इतक्या झटपट दगावतात, की पुष्कळांना विषबाधाच वाटते. माणसाला याची बाधा होत नाही. पण माणसाच्या हातांवरून, कपड्यांवरून, चपलांवरून तो घरात येतो आणि वर्षभरही टिकून राहतो."

मनी कशी वाचली, असे मुलीने विचारले. तिला लहानपणी तो रोग सौम्यपणे होऊन गेला असावा, असे ते म्हणाले. आईच्या चिकातून पिलांना काही आठवडे संरक्षण मिळते. पण ते ओसरत जाते, आणि असते तोवर लसीलाही नीट काम करू देत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते. एकाच लसीत मांजरांच्या सर्दीच्या दोन विषाणूंवरही उपाय असतो. मी हे पूर्वी कोणाला विचारले असते, तर अवघ्या पाच मिनिटांत समजले असते!

घरी मी फिनेलने फरशी घासून काढली होती. डॉक्टरांनी तेही बंद करविले. फिनेल या विषाणूला मारत नाही, उलट मांजरालाच विषारी ठरते. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून आम्ही जमीन धुतली, दहा मिनिटांनी स्वच्छ पाणी ओतले, आणि गोधडी जाळून टाकली. सलाइन व औषधे चालू ठेवल्यावर आठवड्याने तिसरे पिलू दूध मागू लागले.

त्यानंतर आबांकडे जाणे भाग होते. मी सारे सांगितले. खोटे बोललो, तेही सांगितले. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या लहानपणी गुरांत बुळकांडी यायची. शेजारच्या गोठ्यात जाऊन आलं, की बाप पाय धुतल्याबिगर आमच्या दावणीला फिरकू देत नव्हता. गुरुजी, तुम्ही शिकलेले, म्हणून मी काही बोललो नाही."

त्या बुळकांडीचे साऱ्या जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, आणि तेही लसीमुळेच, हे मला ठाऊक होते. ते त्यांना सांगण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.

पिलू सावरल्यावर आम्ही त्याला व मनीला लस टोचून आणली. टोपली मांडीवर घेऊन रिक्षात आबा बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून भांडे पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आबांचा: "गुरुजी, हिचा बंदोबस्तच करतो बघा!"