राखलेला पांढरा

पारदर्शक जलरंगात काम करणारे पांढऱ्या रंगाची ट्यूब सहसा उघडत नाहीत. उजेड दाखवायचा तो कागदाच्याच पांढऱ्यातून. म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर पायऱ्यांवर पडलेलं ऊन शेवटी वरून लावता येत नाही. पहिला वॉश द्यायच्या आधीच त्याची जागा राखावी लागते. तैलरंगात काळोखावर उजेड चढवता येतो. इथे एकदा झाकलेला कागद कितीही पुसला तरी पूर्वीसारखा होत नाही. काय रंगवायचं याच्या आधी काय सोडायचं हे ठरवणं, यातच या माध्यमाची अवघड बाजू आहे आणि माझ्या जिवाला लागलेली गोडीही.

सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिव्याच्या ज्योतीपुढे तळहात धरलेली तरुणी आणि तिच्या बोटांमधून झिरपणारा उजेड. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्यांचं तैलचित्र समजतात. आहे मात्र जलरंगातलं. ती बोटं पाहताना मी दर वेळी थबकतो. तो उजेड लावलेला नाही, राखलेला आहे.

मग येतं पाणी. बोर्ड जरा तिरका ठेवून आकाशाचा वॉश ओढला की खालच्या कडेला ओल्या रंगाची जाड रेघ साठते. ती तुटू न देता पुढच्या फटकाऱ्यात सामावून घेत खाली यायचं. कागदावर चकाकी आहे तोवर सोडलेला रंग मऊ पसरतो, त्याचा ढग होतो. चकाकी गेली, पण ओल उरली आहे अशा वेळी पाणीदार ब्रश टेकला, तर ते पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी दातेरी कड उमटते. कागद सुकला की नाही हे डोळ्यांना नीट कळत नाही. बोटांची मागची बाजू टेकवून पाहायची. गार लागला की आत ओल आहे. एप्रिलच्या दुपारी हा सगळा अवधी ब्रश धुवेपर्यंत संपतो. जुलैत कागद सुकायचं नाव घेत नाही.

पण जुलैसारखा महिना नाही! ३०० जीएसएमच्या खरबरीत कॉटन पेपरवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात एकत्र सोडावेत आणि हात मागे घ्यावा. निळ्याचे जड कण कागदाच्या खळग्यांत बसत जातात, तांबूस छटा त्यांच्या अवतीभवती रेंगाळते आणि आषाढाचं रवाळ, करडं आभाळ समोर तयार होतं. ते ब्रशने काढायला गेलं तर जमणार नाही. सुकल्यावर हे आभाळ थोडं फिकं पडणार, म्हणून मूळ रंग मनाला पटतो त्याहून गडद घ्यायचा. भरलेलं आभाळ गडद रंगवायला छातीही लागते आणि ते सुकताना बघण्यात निखळ सुखही असतं.

उजेडाची जागा राखायला मास्किंग फ्लुइड मिळतं. बारीक फांद्यांना, जाळीला ते सोयीचं. घाटावरच्या उन्हाला मात्र मी ते लावत नाही, कारण त्याची कड सगळीकडे सारखीच धारदार येते. पायरीवरचं ऊन एका बाजूला लख्ख तुटतं आणि दुसरीकडे सावलीत विरत जातं. त्याच्या कडेकडेने भरल्या ब्रशने जाताना कुठे थांबायचं आणि कुठे नुसतं पाणी फिरवायचं, हे माझ्या हातात राहतं.