भिडेचें व्याज

भीड ही भिकेची बहीण, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. आपण ती लहानपणीं पाठ करतों आणि जन्मभर भिडस्तच राहतों. उसने दिलेले पैसे परत मागतांना आपली जीभ अडखळते. वाण्यानें माप कमी घातलें तरी आपण छपराकडे पाहतों. परंतु या भिडेचें दरसाल दरशेंकडा रोख व्याज भरावें लागतें, हें मध्यम स्थितींतील गृहस्थास गृहकर्जाच्या कामीं जितकें स्पष्ट कळतें तितकें अन्यत्र क्वचितच कळत असेल.

२०२० सालच्या मे महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें आपला रेपो दर शेंकडा ४ वर आणला. इतर बँकांस ती अल्प मुदतीची रक्कम ज्या व्याजानें देते, तो हा दर. २०१४ च्या आरंभीं तो ८ होता. महामारीनें व्यापारउदीम थंडावला होता. पैसा स्वस्त केला म्हणजे त्यास पुन्हां गति येईल, हा त्यामागील हेतु. २०२२ च्या मे महिन्यांत दर पुन्हां चढूं लागेपर्यंत हा सुकाळ टिकला. त्या काळांत नव्या गिऱ्हाइकास शेंकडा ७ च्या आसपास गृहकर्ज मिळत होतें. आमच्या कर्जावर मात्र ९ चा आंकडा ठाण मांडून बसला होता. वीस लाखांचें मुद्दल आणि दहा वर्षांची मुदत अद्यापि उरली होती. सेवानिवृत्ति नऊ वर्षांवर होती.

हा भेद कसा पडला तें सांगण्यासारखें आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनीं बदलत्या व्याजाचीं नवीं गृहकर्जें रेपोसारख्या बाहेरच्या मापास बांधावीं, असा नियम झाला. त्यापूर्वींचीं कर्जें बँकेच्या स्वतःच्या मापावर चालत राहिलीं. आणि तें माप वर चढतांना जितकें चपळ, तितकेंच खालीं उतरतांना आळशी. जुन्या कर्जदारास नव्या मापावर येण्याची मोकळीक होती. परंतु त्यासाठीं त्यानें तोंड उघडावयास हवें होतें.

आमच्या घरांत या प्रश्नावर दोन पक्ष पडले. आमच्या तीर्थरूपांचें वय ऐंशीच्या पुढें. "ज्यांनीं अडचणीच्या वेळीं घर उभें करून दिलें, त्यांना दोन टक्क्यांसाठीं सोडून जायचें? माणसानें उपकार विसरूं नयेत," असें त्यांचें म्हणणें. यावर आमच्या सौभाग्यवतींनीं हलक्या आवाजांत विचारलें, "पण मामंजी, कालच्या अनोळखी माणसाला ते सातानें देतात, आणि आपली इतक्या वर्षांची ओळख असून आपल्याकडून नऊ घेतात. मग ओळख विसरलें कोण?" तीर्थरूप कांहीं बोलले नाहींत, चष्मा पुसूं लागले.

कृतज्ञता हा मोठा गुण खरा; पण ती माणसाची माणसाशीं असते, व्याजाच्या कोष्टकाशीं नव्हे. कर्जरोख्यांची आठवण आपल्या मुलखाला जुनी आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एका सावकाराचा हिशेब चुकता करून कमी व्याजाच्या दुसऱ्या दारीं जावें, अशी सोय त्या कुणब्यास बहुधा नसे. आज आपणांस ती आहे. बदलत्या व्याजाचें गृहकर्ज मुदतीपूर्वीं फेडल्याबद्दल बँकांनीं दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं फर्माविलें, तेव्हांपासून ही वाट अधिकच मोकळी झाली. मिळालेला हक्क भिडेखातर खुंटीला टांगून ठेवावा, यांत कसली आली कृतज्ञता?

आम्हीं दुसऱ्या एका बँकेकडून दराचें लेखी पत्र आणलें व तें आपल्या बँकेच्या अधिकाऱ्यापुढें ठेवलें. गृहस्थ मोठे सौजन्यशील. "आपण अर्ज द्या, म्हणजे झालें," एवढेंच ते म्हणाले. थोडेंसें शुल्क भरतांच दर ७ झाला. बँकच बदलावी लागली असती, तर शुल्क, मूल्यांकन, मुद्रांक हे खर्च बचतींतून वजा घालून पाहावे लागले असते. ज्याची मुदत सरत आली, त्याच्या हप्त्यांत व्याजाचा अंश थोडाच उरलेला असतो. त्याला हा खटाटोप बहुधा परवडत नाहीं.

खरा प्रश्न पुढेंच होता. हप्ता कमी करावयाचा कीं मुदत? शेंकडा ९ नें आमचा हप्ता २५,३३५ रुपये होता. ७ नें तो २३,२२२ होणार होता. महिन्याला दोन हजारांहून अधिक रुपये मोकळे! त्याच तारणावर वाढीव कर्ज काढून मोटार घ्यावी, अशी सूचनाही तत्परतेनें आली. येथें तीर्थरूपांनीं पुन्हां तोंड उघडलें. "हप्ता आहे तसाच राहूं दे. माझ्या डोळ्यांदेखत फिटलें तर बरें." मांडून पाहतां, दर ७ च राहिला असें धरल्यास, हप्ता घटवून एकंदर अडीच लाखांची बचत होत होती, जुनाच हप्ता चालूं ठेवल्यास साडेतीन लाखांची, आणि कर्ज सुमारें चौदा महिने आधीं, म्हणजे सेवानिवृत्तीच्या अलीकडे, फिटत होतें. या खेपेस सौभाग्यवतींनीं मामंजींच्या बाजूनें मत दिलें.

दर ७ च राहिला नाहीं, हें सांगावयास नकोच. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० वर गेला, आणि त्याच्या मागोमाग आमचेंही व्याज. बदलत्या व्याजाचा तो धर्मच आहे. पण स्वस्ताईच्या दिवसांत मुद्दलांतून जें जादा गेलें तें गेलेंच. त्यावर पुन्हां व्याज बसावयाचें नाहीं.

जुन्या पिढीनें सावकाराची भीड आणि कर्जाची धास्ती या दोन गोष्टी एकाच गांठोड्यांत बांधून आपल्या हवालीं केल्या आहेत. आम्हांस वाटतें, गांठ सोडून पहिली टाकून द्यावी व दुसरी जपून ठेवावी. पहिलीनें कर्ज महाग होतें. दुसरीनें तें फिटतें. तीर्थरूप अजूनही वर्षाकांठीं बँकेचा खातेउतारा मागून घेतात, भिंग लावून शेवटचा आंकडा वाचतात, आणि मान हालवून आमच्या हातीं परत देतात.