‘मास्टर’चे ‘मेन’ झाले : नाव बदलते तेव्हा इतिहासाचे काय होते?

१/
वसई रोड स्थानकातून दिव्याच्या दिशेने निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती जूचंद्रला. चंडिकादेवीच्या डोंगरासाठी आणि रांगोळी कलावंतांसाठी ओळखले जाणारे हे गाव. तेथून परत निघालेल्या प्रवाशाला फलकावर ‘वसई रोड’ हे नाव दिसते. रेल्वेच्या नोंदींत मात्र त्या स्थानकाचा संकेत आजही ‘बीएसआर’ असाच आहे. ही अक्षरे ‘बसीन रोड’ या जुन्या नावाची. इंग्रजी नाव फलकावरून उतरले, पण यंत्रणेच्या पोटात राहिले.

२/
या परिसराने किती नावे पाहिली! पोर्तुगीजांचे ‘बसाईं’. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी दिलेले ‘बाजीपूर’. इंग्रजांचे ‘बसीन’. आणि आजची ‘वसई’. यांपैकी ‘बाजीपूर’ विजेत्याने दिलेले असूनही रुजले नाही, तर ‘बसीन’ काढून टाकल्यावरही तीन अक्षरांत उरले. नाव बदलण्याचा हुकूम काढता येतो. ते नाव कुठे कुठे मुरले आहे, हे मात्र बदलायला घेतल्यावरच कळते.

३/
२०२० साली जगभरच्या प्रोग्रामरांना नेमका हाच अनुभव आला. वाद एका शब्दाचा होता : ‘मास्टर’.

सॉफ्टवेअरचा कोड त्याच्या संपूर्ण इतिहासासह जिथे साठवतात, त्या भांडाराला रिपॉझिटरी म्हणतात. ती सांभाळणारे आज सर्वाधिक प्रचलित साधन म्हणजे गिट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी घडवले. नवी रिपॉझिटरी सुरू केली, की गिट पहिली शाखा स्वतःच आखून देते. तिला डीफॉल्ट ब्रँच म्हणतात. पंधरा वर्षे या शाखेचे नाव न विचारता ‘मास्टर’ असे पडत होते.

४/
गिटची रचना समजून घ्यायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणावी. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे कमिट, हा एक ठिपका. प्रत्येक ठिपक्यापासून एक रेघ त्याच्या आधीच्या ठिपक्याकडे जाते. प्रत्येक ठिपक्याला स्वतःची ओळख असते : चाळीस अक्षरांचा एक हॅश. तो मजकूर, लेखक, वेळ, संदेश आणि आधीचा ठिपका यांवरून गणिताने ठरतो. यांपैकी काहीही बदलले, तर ओळखही बदलते.

५/
या यादीत शाखेचे नाव नाही. शाखा म्हणजे शेवटच्या ठिपक्याजवळ ठेवलेली एक चिठ्ठी. संगणकावर बहुधा एक छोटीशी फाइल, जिच्यात त्या ठिपक्याची चाळीस अक्षरे लिहिलेली असतात. चिठ्ठीवरचे नाव बदलले, तरी एकही ठिपका हलत नाही आणि एकही रेघ पुसली जात नाही.

नामांतराच्या प्रत्येक वादात ‘यामुळे इतिहास पुसला जाईल’ असा आक्षेप येतो. गिटपुरता तो तपासून पाहता येतो, आणि तिथे तो टिकत नाही.

६/
‘मास्टर’ हे नाव आले कुठून? गिटच्या सुरुवातीच्या साधनांत ते पेट्र बाउडिस या प्रोग्रामरने २००५ मध्ये निवडले. त्याच्या मनात ध्वनिमुद्रणातील ‘मास्टर रेकॉर्डिंग’, म्हणजे जिच्यावरून इतर प्रती निघतात ती मूळ प्रत होती. पण गिटच्या आधी लिनक्सचे काम बिटकीपर या साधनावर चालत असे, आणि त्याच्या कागदपत्रांत ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ रिपॉझिटरी, म्हणजे मालक आणि गुलाम, असा जोडशब्द आढळतो. ही गोष्ट २०१९ मध्ये ग्नोम प्रकल्पातील चर्चेत पुढे आली. एकाच शब्दाच्या अशा दोन वंशावळी निघाल्या.

७/
तंत्रज्ञानातील ‘मालक-गुलाम’ ही उपमा गिटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९०४ मध्ये केप टाउनच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी एका घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या दुसऱ्या घड्याळाला ‘गुलाम’ म्हटले होते. त्या वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा सत्तर वर्षे झाली होती. पुढे हीच उपमा ब्रेकमध्ये, हार्ड डिस्कमध्ये आणि डेटाबेसमध्ये शिरली.

तिला हरकतही २०२० मध्ये प्रथम घेतली गेली असे नाही. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या पुरवठादारांना यंत्रांवरील असे शब्द टाळण्यास सांगितले. २०१४ मध्ये जँगो या प्रकल्पाने आणि २०१८ मध्ये पायथॉनने ते आपल्या लिखाणातून काढले.

८/
२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. अमेरिकाभर निदर्शने उसळली. जूनच्या मध्यास गिटहबचे प्रमुख नॅट फ्रिडमन यांनी डीफॉल्ट शाखेचे नाव बदलण्याचे काम सुरू असल्याचे जाहीर केले. २३ जूनला गिट प्रकल्पाने निवेदन काढले. २७ जुलैला आलेल्या गिट २.२८ मध्ये पहिल्या शाखेचे नाव वापरणाऱ्याला स्वतः ठरवता येऊ लागले. १ ऑक्टोबरपासून गिटहबवर नव्या रिपॉझिटरीची पहिली शाखा ‘मेन’ या नावाने उघडू लागली. पुढच्या वर्षी गिटलॅबनेही तेच केले.

९/
विरोधकांचा पहिला मुद्दा व्युत्पत्तीचा होता : इथे ‘मास्टर’ म्हणजे मूळ प्रत, गुलामांचा मालक नव्हे.

मराठी कानाला हा मुद्दा सहज पटतो. मराठीत ‘मास्तर’ हा आदराचा शब्द आहे. शाळेतले मास्तर, कपडे शिवणारे मास्तर, स्टेशन मास्तर, पोस्टमास्तर. यांतल्या कोणाच्याही हातात चाबूक नाही (शाळेतल्या मास्तरांची छडी वगळता). मराठी प्रोग्रामरला ‘मास्टर’ हा शब्द टोचला नसेल, तर त्याला भाषिक कारण आहे.

पण एका कानाला न टोचणारा शब्द दुसऱ्याला टोचतो की नाही, हे पहिल्या कानाने ठरवायचे नसते. हे नाव ज्याने ठेवले, त्या बाउडिसने २०२० मध्ये काय म्हटले? आपण ‘मेन’ हे नाव निवडायला हवे होते, असे आपल्याला अनेकदा वाटले आहे.

१०/
दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता, आणि तो केवळ परंपराप्रेमींचा नव्हता. गिटहबने अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याशी, म्हणजे ‘आइस’शी, केलेल्या कराराविरुद्ध कंपनीचेच कर्मचारी २०१९ पासून आवाज उठवत होते. शाखेचे नाव बदलणाऱ्या कंपनीने आधी तो करार सोडावा, असे टीकाकारांनी सुनावले. शब्द बदलणे स्वस्त आणि व्यवहार बदलणे महाग. मग स्वस्त तेवढेच का केले जाते? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक नामांतराला विचारावा असा आहे.

११/
तरीही ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरायला हवा. चिठ्ठी बदलण्याला एक आज्ञा पुरते. पण त्या चिठ्ठीचे नाव इतर शेकडो ठिकाणी लिहिलेले असते : आपोआप चाचण्या घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, सर्व्हरवर कोड चढवणाऱ्या यंत्रणेत, मार्गदर्शक पुस्तिकांत, इतरांच्या संकेतस्थळांवरील दुव्यांत आणि प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावरील प्रतीत. एखादी जागा नजरेतून सुटली, तर रात्री आपोआप चालणारे काम ‘मास्टर नावाची शाखा सापडत नाही’ असे सांगून थांबते.

म्हणून गिटहबने जानेवारी २०२१ मध्ये नामांतराची सोय दिली, तेव्हा जुन्या दुव्यावर येणारा वाचक आपोआप नव्या नावाकडे वळेल अशी व्यवस्था केली. जँगोने मार्च २०२१ मध्ये आणि पायथॉनने मे २०२१ मध्ये नाव बदलले. गिट ज्याच्यासाठी जन्मले त्या लिनक्सच्या मुख्य भांडारात शाखा ‘मास्टर’च राहिली.

१२/
हा वाद दूरच्या देशाचा वाटत असेल, तर वसईच्या कोटाकडे पाहावे. पोर्तुगीज काळात तिथल्या श्रीमंतांच्या घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते.

आणि पुण्याकडेही पाहावे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. अमेरिकेतील गुलामी आणि इथला जातिभेद यांना एकाच मापाने मोजण्याचे काम या मराठी ग्रंथाने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी केले होते. तेव्हा २०२० मधील हा प्रश्न मराठी वाचकाला परका मानता येत नाही.

१३/
त्याच २०२० मध्ये महाराष्ट्रातही एक नामांतर घडले. राज्यातील वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २ डिसेंबरला घेतला. सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय ११ डिसेंबरला निघाला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्यात अपेक्षित होते.

१४/
कोडमधील शब्दापेक्षा इथे पणाला लागलेले कितीतरी मोठे आहे. शाखेचे नाव माणसाच्या कपाळावर लिहिलेले नसते. वस्तीचे नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर माणसाच्या आधी पोहोचते. गावाच्या मध्यभागी राहणाऱ्याला ‘महारवाडा’ हा केवळ पत्ता वाटू शकतो. तिथे जन्मलेल्या मुलाला पत्ता विचारला, की जात विचारून झालेली असते.

वस्तीचे नवे नाव मिळाले म्हणून तिथली गटारे बांधली जात नाहीत, हेही खरे. गिटहबच्या टीकाकारांचा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो. पण गटार बांधले नाही म्हणून नावही तेच ठेवावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

१५/
नामांतर स्वस्त असते हा समज महाराष्ट्राने तर फार पूर्वी गमावला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. जुने नाव आत राहिले आणि नवे त्याच्या आधी आले. त्यासाठी सोळा वर्षे लागली. ज्यांनी ती सोळा वर्षे रस्त्यावर काढली, त्यांना ‘नावात काय आहे’ असे विचारण्याची हिंमत कोणी करू नये.

१६/
पुन्हा गिटकडे. एक शाखा दुसरीत मिसळली, की गिट आपोआप संदेश लिहिते : अमुक शाखा तमुक शाखेत मिसळली. पण ती ‘मास्टर’मध्ये मिसळली असेल, तर ‘तमुक शाखेत’ हे शब्द गिट वर्षानुवर्षे गाळत आले. ‘मास्टर’ सांगण्याची गरजच नव्हती. तो गृहीत होता. डीफॉल्ट म्हणजे नेमके हेच. जे सर्वांनी गृहीत धरले आहे, त्याचे नाव कोणी घेत नाही, आणि म्हणून ते नाव कोणी तपासतही नाही. २०२० च्या वादाने निदान ते उच्चारायला आणि तपासायला लावले.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी शेवटी एक खूण. शाखेचे नाव बदलल्याने स्वतःचा ठिपका उमटत नाही. कोडच्या इतिहासात ते नामांतर शोधायचे, तर पाठोपाठ आलेल्या लहानसहान दुरुस्त्या पाहाव्या लागतात : कोणी स्क्रिप्टमधील जुना शब्द बदलला, कोणी पुस्तिकेतील दुवा सुधारला. घोषणा एका दिवसाची असते. नामांतर या दुरुस्त्यांतून घडते, आणि त्या करणाऱ्यांची नावे ठिपक्यांत जपलेली असतात.

वस्त्यांच्या शासन निर्णयावर ११ डिसेंबर २०२० ही तारीख आहे. एखाद्या वस्तीचे नाव खरोखर केव्हा बदलले, ते मात्र तिथल्या मुलाच्या दाखल्यावर नवा पत्ता पहिल्यांदा कधी लिहिला गेला, त्यावरून ठरेल.