"कर्ज काढून पाठवलंय, फिरायला नाही!"

आपल्या तालुक्यातून परदेशात शिकायला गेलेल्या मुलामुलींचे फोटो हल्ली रोज कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला दिसतात. ग्रंथालयात बसल्याचा फोटो कुणी टाकत नाही. डोंगराचे, तळ्याचे, जुन्या किल्ल्याचे टाकतात. मग इकडे स्टँडसमोर चहा पिता पिता हिशेब सुरू होतो. "बापानं जमीन गहाण टाकली, आणि पोरगी बघा, बोटीत बसलीय!"

बोटीत बसलेली ती पोरगी माझी भाची आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला एमएस्सी करते. वय २३. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "मामा, मी स्टेटस टाकायचं बंद केलंय. लोक बाबांना विचारतात." एवढ्यावर थांबली असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. पुढे म्हणाली, "आणि खरं सांगू का, तीन रविवार मी खोलीबाहेरच पडले नाही. कुठे गेलं की उगाच अपराधी वाटतं."

हे ऐकून मात्र लिहायचं ठरवलं. मी स्वतः स्कॉटलंड पाहिलेलं नाही. पुढचं सगळं तिच्याशी आणि तिकडच्या दोन-तीन मुलांशी बोलून आणि शक्य तेवढं पडताळून लिहितोय.

आधी ती बोट. ग्लासगोहून साधारण तासभर रेल्वेनं गेलं की लार्ग्स नावाचं किनाऱ्यावरचं गाव लागतं. तिथून समोरच्या कंब्रे बेटावर फेरीबोट जाते. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. बोट चालवणारी कॅलमॅक ही कंपनी स्कॉटलंड सरकारच्या मालकीची. म्हणजे ही काही चैनीची क्रूझ नव्हे. त्या बेटावरच्या माणसांची ती एसटीच आहे म्हणा ना. बेटावर मिलपोर्ट गावात भाड्यानं सायकल मिळते आणि बेटाला वळसा घालणारा रस्ता सोळा-सतरा किलोमीटरचा, बराचसा सपाट. या पोरींनी पोळी-भाजीचे डबे नेले, सायकली चालवल्या, समुद्राकडे तोंड करून जेवल्या आणि संध्याकाळी परत आल्या. रेल्वेत १६ ते २५ वयोगटाला आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना सवलतीचं कार्ड मिळतं, तिकिटावर साधारण एक तृतीयांश सूट. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून तिकडच्या स्कॉटरेलनं गर्दीच्या वेळेचं जादा भाडं कायमचं बंद केलंय. त्या फोटोमागचा खर्च एवढाच.

आता तिचा बाकीचा आठवडा सांगतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

तिकडची पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी एका वर्षाची. सप्टेंबरला सुरू आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रबंध. आपल्याकडे दोन वर्षांत शिकवतात ते तिथे बारा महिन्यांत कोंबलेलं. व्हिसाच्या नियमानुसार सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. भाची एका दुकानात मांडणीवर माल लावते. शनिवारी रात्री उशिरा सुटते. घरभाडं, किराणा आणि इकडे चढत चाललेलं व्याज, सगळं तिच्या डोक्यात. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला सध्या दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीड वर्षच मिळणार आहे. म्हणजे घाई आणखी वाढली.

वर तिकडचा हिवाळा. डिसेंबरात ग्लासगोला दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी वर्गात जाताना अंधार, बाहेर पडताना अंधार. अंधार नसेल तेव्हा पाऊस. तिकडची आरोग्ययंत्रणा सगळ्यांनाच हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्वाची गोळी घेण्याचा विचार करायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या लोकांना तर वर्षभर. अशा ठिकाणी आठवड्यातून एक दिवस माणसांत आणि उजेडात जाणं ही चैन नाही मंडळी, ते औषध आहे.

आणि या औषधाचा बराचसा भाग तिथे फुकट आहे! माझ्यातल्या पत्रकाराला याचंच जास्त अप्रूप वाटलं.

ग्लासगोचं केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय १९०१ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट. विद्यापीठापासून चालत जाता येतं. आत छताला दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान टांगलंय, खाली पेंढा भरलेला हत्ती उभा आहे. रोज दुपारी तिथल्या जुन्या ऑर्गनवर वादन होतं, तेही फुकट. भाची म्हणते, बाहेर पाऊस असला की अर्धं विद्यापीठ तिथे येऊन बसतं. कुणी उठवत नाही, कुणी "काय घेणार?" म्हणून विचारत नाही.

याच संग्रहालयात साल्व्हादोर दाली या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे, क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे वरून पाहणारं. १९५२ मध्ये ग्लासगोच्या महानगरपालिकेनं ते ८,२०० पौंडांना विकत घेतलं. त्या काळी ही रक्कम मोठी होती, त्यामुळे गावात गदारोळ झाला. तिथल्या कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीच विरोधाचा अर्ज दिला, की एका परदेशी चित्रावर एवढा पैसा घालण्यापेक्षा स्थानिक कलावंतांसाठी खर्च करा. विद्यार्थ्यांचा मुद्दा काही चुकीचा नव्हता. पण आज ते चित्र बघायला लोक लांबून येतात, आणि आपल्या तालुक्यातली एक मुलगी पावसाळी रविवारी एक पैसाही न देता त्याच्यासमोर उभी राहते. सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा यावर भांडण हवंच. फक्त त्या खर्चाचं माप कधी कधी सत्तर वर्षांनी लागतं, एवढं लक्षात ठेवायला हवं.

एडिंबरालाही तसंच. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय फुकट, राष्ट्रीय कलादालन फुकट. शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाचा २५१ मीटरचा डोंगर आहे, केव्हाच विझलेल्या ज्वालामुखीचा. तिकीट नाही. वर्ग संपवून विद्यार्थी वर जातात, समुद्र बघतात आणि उतरून अभ्यासाला बसतात.

डोंगराचा विषय आपल्या लोकांना जवळचा. ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस, उंची १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. हे कळल्यावर तिथल्या मराठी पोरांची छाती फुगते म्हणे. पण बेन नेव्हिसची चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, वर उन्हाळ्यातही धुकं आणि कडाक्याची थंडी असू शकते आणि बर्फ बराच काळ टिकतो. सह्याद्रीतला अनुभव तिथे उपयोगी पडतो, पुरा मात्र पडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथला कायदा. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये बहुतेक जमिनीवर आणि पाण्यावर, मालक कुणीही असो, जबाबदारीनं फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय. घराचं अंगण, उभं पीक वगैरे सोडून. फाटक उघडलं तर लावून घ्यायचं, कचरा परत न्यायचा, गुरांना त्रास द्यायचा नाही. सरदार-जमीनदारांच्या हजारो एकरांच्या मालमत्ता असलेल्या देशात हा हक्क मिळाला आणि तो परक्या देशातून आलेल्या विद्यार्थ्यालाही तेवढाच लागू आहे.

बसचंही सांगतो. ३१ जानेवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या सगळ्यांना बस फुकट आहे, पाच वर्षांच्या पोरापासून. पदवीला गेलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पास दाखवून देशभर फिरतात. भाची एका वर्षानं हुकली. "मामा, मी लवकर जन्मले," म्हणून हसत होती. आपली बहुतेक मुलं पदव्युत्तरला जातात, त्यामुळे हा फायदा त्यांना मिळत नाही, हेही सांगायला हवं.

तिकडे सगळं गोडच आहे असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या मुलांना पदवीचं शिक्षण तिथे मोफत, आपल्या मुलांना लाखोंची फी. या फीवर तिथली विद्यापीठं किती अवलंबून आहेत ते डंडी विद्यापीठाच्या अडचणीतून दिसलं. तिथे साडेतीन कोटी पौंडांची तूट निघाली आणि परदेशी विद्यार्थी कमी झाले हे त्याचं एक कारण होतं. थोडक्यात, आपली पोरं तिथे कुणाच्या उपकारावर नाहीत. पैसे मोजून गेलीत. मग तिथली बाग, संग्रहालय, डोंगर वापरले तर कुणाचं काय गेलं?

एक काळजीची गोष्ट मात्र आवर्जून लिहितो, कारण फिरायला जा म्हणताना हेही सांगणं आपलं काम आहे. एप्रिल २०२४ मध्ये पर्थशर भागात लिन ऑफ टमल या धबधब्याच्या ठिकाणी आंध्र प्रदेशातले दोन विद्यार्थी बुडाले. मित्रांबरोबर सहलीला गेले होते. तिकडचं पाणी वरून शांत दिसलं तरी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पडल्या पडल्या श्वास कोंडतो, चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय चालत नाहीत. त्यात शेवाळलेले निसरडे खडक आणि खालून ओढ. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना हे कळत नाही, कारण त्यांनी तसलं पाणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी एवढं जरूर सांगा. धबधब्याच्या काठावर फोटोसाठी उतरू नका. डोंगरावर जाताना हवामान बघा, कुठे जाताय आणि कधी परतणार ते कुणाला तरी कळवून जा. हिवाळ्यात दुपारीच परत फिरा. अडकलात तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि माउंटन रेस्क्यू मागा. ही बचाव पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची असतात आणि मदतीचे पैसे मागत नाहीत.

आणि मुख्य म्हणजे, मुलांना हे सगळं घरी मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे. लपवून गेलेली मुलं कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या टोमण्यांनी मुलं फिरायची थांबत नाहीत. काही सांगायची थांबतात, आणि काही माझ्या भाचीसारखी खोलीत कोंडून बसतात. दोन्ही वाईट.

दाजींना मी परवा एवढंच म्हटलं, "कुणी विचारलं तर सांगा, सहा दिवस राबते आणि सातव्या दिवशी फिरते. तुमचा पोरगा काय करतो?" दाजी हसले. ताईनं मात्र त्याच संध्याकाळी फोन लावून लेकीला सांगितलं, "रविवारी जा कुठेतरी. आणि फोटो मला पाठव, मी ठेवते स्टेटसला."

काल तो फोटो आला. तुम्हीही बघा, आणि जमलं तर लाईक करा.